गेज तपासलं का?

पगारे काका आमच्या सेंटरमध्ये पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी मला नमस्कार केला नाही. खुर्चीत बसले, मान तिरकी करून माझ्या टेबलाच्या कडेकडे बघितलं आणि म्हणाले, "हे टेबल डावीकडे उतरतंय." मी म्हणाले, "टेबल नीट आहे काका, तुमचा कागद दाखवा." त्यांनी डाव्या हाताने खिशातून बेअरिंगमधली स्टीलची गोळी काढली आणि टेबलाच्या मधोमध ठेवली. गोळी क्षणभर थांबली, मग सावकाश डावीकडे निघाली आणि खाली पडून कपाटामागे गेली. काकांना वाकता येत नव्हतं, त्यामुळे ती मलाच शोधावी लागली. पुढची पाच-सहा वर्षं आमचं हेच चाललं. खोट ते काढायचे आणि वाकायची मी.

ही गोष्ट दोन हजार सालानंतरची, नाशिकची. गंगापूर रोडवरच्या एका पुनर्वसन केंद्रात मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट होते. आजारात गेलेला हात पुन्हा रोजच्या कामाला लावायचा, बटण, चमचा, पेन, कुलूप यांची त्याच्याशी नव्याने ओळख करून द्यायची, हे माझं काम. अख्खं नाशिक मला 'फिजिओ मॅडम' म्हणायचं आणि मी प्रत्येकाला फरक समजावून सांगायचे. तो फरक एकट्या पगारे काकांनी लक्षात ठेवला, आणि कुणी फिजिओ म्हणालं की माझ्याआधी तेच दुरुस्त करायचे. त्याचाही मला वैताग यायचा.

सेंटरमध्ये त्यांना सगळे 'इन्स्पेक्टर' म्हणत. नव्या पेशंटला वाटायचं पोलिसातले आहेत, आणि तो जरा सावरून बसायचा. प्रत्यक्षात काका अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर होते. यंत्रावर तयार झालेला माल मापात आहे की नाही ते बघायचं, नसेल तर त्यावर लाल रंगाचा ठिपका द्यायचा, असेल तर हिरवा. एकदा लाल ठिपका दिला की मालकाच्या सांगण्यावरूनही तो पुसायचा नाही, अशी त्यांची ख्याती होती. वीस वर्षं या माणसाने दुसऱ्यांच्या कामात खोट शोधली आणि त्याबद्दल पगार घेतला. घरी आल्यावरही ते यंत्र बंद होत नसणार, हे मला पहिल्या आठवड्यातच समजलं.

त्यांचा आजार एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरॉसिस. नव्वदच्या दशकात कधीतरी एका डोळ्यासमोर धूर आल्यासारखं झालं, महिन्याभरात गेलं. दोन वर्षांनी पाय जड झाला, तोही सावरला. मग उजव्या हाताची बोटं बधिर झाली आणि काही धरायला गेलं की थरथरायला लागली. या आजारात शरीर आपल्याच नसांवरचं वेष्टण खातं. मी त्यांना समजावलं, की वायरीवरचं प्लास्टिक सोललं जावं तसं होतं, आतला करंट नीट पोचत नाही. ते म्हणाले, "म्हणजे इन्सुलेशन फेल. एवढंच सांगायचं ना, दहा मिनिटं कशाला घेतलीत?"

पण ते आले होते एका नेमक्या कारणासाठी. कंपनीने त्यांना रजा दिली होती आणि सांगितलं होतं, की जूनमध्ये हाताची चाचणी घेऊ. मायक्रोमीटरने माल बिनचूक मोजता आला तर इन्स्पेक्शनचं टेबल पुन्हा तुमचं. नाही आला तर दुसरं काहीतरी बसून करायचं काम देऊ. मायक्रोमीटर हे बारीक माप घ्यायचं हत्यार, आणि ते नजरेपेक्षा बोटांच्या टोकांनी वापरायचं असतं. काकांना ते टेबल हवं होतं. मी त्यांना विचारलं होतं, हाताने काय काय करायचंय? आमच्या फॉर्मवर तशी यादी असते, जेवणं, दाढी, सही वगैरे. त्यांनी सगळ्या ओळींवर काट मारून खाली डाव्या हाताने वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं, 'इन्स्पेक्शन.' मी म्हणाले, "आणि जेवण?" ते म्हणाले, "डाव्यानं होतंय की."

त्यांचं आवडतं वाक्य होतं, "आधी गेज तपासा, मग जॉब." गेज म्हणजे मोजायचं साधन. तेच चुकीचं असेल तर मोजलेलं सगळं खोटं, असा त्यांचा हिशेब. हाताचा वेग बघायला आमच्याकडे नऊ भोकांची पाटी असते. नऊ खुंट्या नऊ भोकांत घालायच्या, पुन्हा काढायच्या, आणि आपण घड्याळ लावून बसायचं. काकांनी खुंट्या घालण्याआधी पाटी उलटीसुलटी करून बघितली. म्हणाले, "गेज तपासलं का? सातवं भोक मोठं आहे." मी दोन वर्षं त्या पाटीवर शंभरेक लोकांचे हात तपासले होते. मी पट्टी आणली, मोजलं, आणि कपाळावर हात मारला. भोक मोठं होतं.

उन्हाळ्यात तर त्यांच्यापुढे नाकी नऊ यायचे. एमएसच्या माणसाला उष्णता सोसत नाही, शरीर तापलं की नसा आणखी मंदावतात. काका मानेवर ओला टॉवेल घेऊन यायचे आणि आल्या आल्या भिंतीवरचा थर्मामीटर वाचायचे. तोही त्यांनी घरून आणलेल्या थर्मामीटरशी जुळवून पाहिला होता आणि त्याखाली चिठ्ठी लावली होती, 'एक डिग्री कमी दाखवतो.' ती चिठ्ठी वाचून इतर पेशंट मला विचारायचे, की मग बदलत का नाही? त्यांना एकच आशा होती आणि ती त्यांनी मला दहा वेळा सांगितली असेल. "आमची इन्स्पेक्शन रूम एसी असते मॅडम. वर्षभर वीस डिग्री. धातूसुद्धा वीसलाच खरं माप देतो. माझा हातही तिथे शहाणा होईल."

माझा मावसभाऊ सुहास इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचा. त्याने विद्यार्थ्यांकडून एक प्रोजेक्ट करून घेतलं आणि ते आमच्या सेंटरला देऊन टाकलं. एक पांढरा सुती हातमोजा, त्याच्या बोटांवर वाकलं की कळणाऱ्या पट्ट्या शिवलेल्या, त्यातून निघालेली वायर कॉम्प्युटरला. मोजा घालून हात हलवला की पडद्यावर एक हात हलायचा. समोर द्राक्षाचा मांडव, मांडवाला घड. अंगठा आणि तर्जनीची चिमूट केली की द्राक्ष पकडलं जायचं, ते क्रेटपर्यंत न्यायचं आणि बोटं उघडून सोडायचं. पाच मिनिटांत किती द्राक्षं जमली तो आकडा कोपऱ्यात. सुहास त्याला व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी म्हणायचा, आम्ही गेम म्हणायचो. सिन्नरच्या एक आजी, पक्षाघाताच्या, तो खेळताना खुर्चीतून अर्ध्या उठायच्या आणि पडद्यावरच्या क्रेटला शिव्या घालायच्या. एकच हालचाल तीनशे वेळा करून कंटाळलेली माणसं या खेळात तीच हालचाल चारशे वेळा करायची आणि पुन्हा विचारायची, उद्या आहे ना?

काकांनी पहिल्या दिवशी मोजा घातला आणि मांडवाकडे बघत बसले. मग म्हणाले, "द्राक्ष एकेक करून खुडतात का? घड कात्रीनं कापतात. नाशिकच्या पोरांना एवढं माहीत नाही?" मी म्हणाले, "काका, हा खेळ आहे." म्हणाले, "खेळ असला म्हणून काय झालं?" थोड्या वेळाने दुसरी तक्रार. "माझा हात आधी पोचतो, पडद्यावरचा हात मागून येतो. तुमचा कॉम्प्युटर माझ्यासारखाच आहे, निरोप उशिरा पोचतोय." ही तक्रार मी सुहासला फोनवर सांगितली तेव्हा तो आधी हसला आणि मग त्याने मान्य केलं, की ती बरोबर आहे. पुढच्या आठवड्यात त्याने येऊन ते बरंचसं दुरुस्त केलं.

आणि अर्थातच गेज तपासणं आलं. काकांकडे स्टीलचा एक छोटा चौकोनी तुकडा होता, आयटीआयला असताना कानशीने घासून घासून स्वतः बनवलेला, चारी बाजू आरशासारख्या. तो ते कापडी पिशवीत घालून खिशात ठेवायचे. खेळायच्या आधी रोज तो तुकडा मोज्याच्या चिमटीत धरायचे. "हा मध्ये असताना द्राक्ष पकडलं जायला नको. काढला आणि बोटं टेकली, की पकडलं गेलं पाहिजे. दोन्ही झालं तर तुमचा मोजा पास." यात सकाळची दहा मिनिटं जायची आणि बाहेर तीन पेशंट घड्याळ बघत बसलेले असायचे. मी दात-ओठ खात उभी राहायचे. मोजा रोज पास व्हायचा.

पण काकांचा आकडा काही हलायचा नाही. पाच मिनिटांत सहा द्राक्षं. कधी सात, गरम दिवशी चार. अंगठा तर्जनीच्या जवळ यायचा आणि शेवटच्या अर्ध्या सेंटिमीटरवर अडायचा, थरथरायचा. आजारपणात सगळ्यांत हट्टी तोच शेवटचा टप्पा असतो. ते आकडा वहीत लिहायचे, तारीख, तापमान, द्राक्षं. फेब्रुवारी गेला, मार्च अर्धा गेला, आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं, की काका आल्यापासून कशाला नाव ठेवत नाहीयेत. टेबलाला नाही, पंख्याला नाही. त्या दिवशी त्यांनी तुकडासुद्धा नुसताच धरला आणि ठेवून दिला. मी इतके दिवस ज्या शांततेची वाट बघत होते ती आली आणि मला अजिबात आवडली नाही.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. काकू आल्या. महापालिकेच्या शाळेत शिक्षिका, बोलायला मोकळ्या, पण त्या दिवशी दारातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "घरात एक शब्द नाही मॅडम. काल मी भाजीत मीठ घालायला विसरले. मुद्दाम नाही, खरंच विसरले. जेवले आणि उठले. काही बोलले नाहीत." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमच्या त्या खेळात एकदा तरी त्यांना जिंकू द्या ना."

त्या खेळात एक चोरकप्पा होता. कीबोर्डवरचं एक बटण दाबलं की छोटी खिडकी उघडायची आणि त्यात एक सरकपट्टी, चिमूट किती जुळली म्हणजे द्राक्ष पकडलं असं धरायचं, ते ठरवणारी. सुहासने ती लहान मुलांच्या हातांसाठी ठेवली होती. मी ती पट्टी थोडीशी सैल केली. अगदी थोडी. काका आले, खेळले, नऊ द्राक्षं झाली. त्यांनी कोपऱ्यातल्या आकड्याकडे इतका वेळ बघितलं, की मला वाटलं पकडलं मला. मग त्यांनी वहीत नऊ लिहिलं आणि म्हणाले, "तुमचा पंखा आवाज करतोय. बुश गेलाय." मला इतका आनंद झाला, की मी त्याच दिवशी पंखेवाल्याला बोलावलं.

मग दर आठवड्याला पट्टी जरा जरा सरकत गेली. अकरा, चौदा, अठरा. मी मनाला समजावत होते, की हुरूप आला की हात खरोखरच चालेल, आणि थोडा चाललाही, ते खोटं नाही. पण पडद्यावरचा हात जेवढा सुधारत होता तेवढा खुर्चीतला सुधारत नव्हता, आणि हे माझ्याइतकं चांगलं कुणालाच माहीत नव्हतं. रोज सकाळी मला धडकी भरायची, की आज तुकडा बाहेर येणार. तो आला असता तर पहिल्या मिनिटात सगळं उघडं पडलं असतं. पण ज्या दिवशी नऊ द्राक्षं झाली त्या दिवसापासून काकांनी तुकडा काढलाच नाही. चहाचा कप तपासायचे, खुर्चीचा स्क्रू तपासायचे, माझी रजिस्टरमधली बेरीज तपासायचे, पण मोजा नाही. मी देवाचे आभार मानले. आज त्या आभारांची लाज वाटते.

एप्रिलमध्ये ते आलेखाचा कागद घेऊन आले. वहीतल्या आकड्यांचा त्यांनी आलेख काढला होता, डाव्या हाताने, पट्टी धरून. म्हणाले, "मी कंपनीत जाऊन आलो. जूनपर्यंत कशाला थांबायचं? पुढच्या सोमवारी चाचणी ठेवलीय. तुम्ही पण यायचं, रिपोर्ट घेऊन." मी म्हणाले, घाई करू नका. म्हणाले, आलेख बघा. मी म्हणाले, खेळ वेगळा आणि मायक्रोमीटर वेगळा. म्हणाले, "चिमूट चिमूटच असते मॅडम." खरं सांगायला माझ्याकडे पूर्ण एक आठवडा होता. तो आठवडा मी कसा वाया घालवला ते सांगत नाही. रोज तोंड उघडायचे आणि पंख्याबद्दल काहीतरी बोलायचे.

सोमवारी आम्ही रिक्षाने अंबडला गेलो. काकू पेढ्यांचा बॉक्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, आणि रिक्षावाल्याला सांगत होते, की तुझं पुढचं चाक आत ओढतंय. काकूंना गेटवरच्या खोलीत बसवून आम्ही दोघं आत गेलो. इन्स्पेक्शन रूम खरंच थंडगार होती. काकांचे जुने सहकारी सोनवणे, आता तिथले मुख्य, आणि आणखी तिघे उभे होते. सगळ्यांचे चेहरे लग्नघरातल्यासारखे. टेबलावर मायक्रोमीटर आणि दहा पिना, बोटाएवढ्या, चकचकीत. सोनवणे म्हणाले, "दहात काही चांगल्या, काही खराब. मोजायचं आणि वेगळ्या करायच्या. वेळेचं बंधन नाही, पगारे."

काकांनी आधी मायक्रोमीटर तपासला, तेव्हा माझ्या जिवात जीव आला. मग एकेक पीन. अंगठा थरथरत होता. त्यांनी कोपर टेबलाला टेकवलं, श्वास धरला, माप सांगितलं, सोनवण्यांनी लिहून घेतलं. वीस मिनिटांनी सात पिना एकीकडे, तीन एकीकडे. सोनवण्यांनी यादी काढली. दहाच्या दहा बरोबर. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या, सगळ्यांत जोरात मीच.

काका म्हणाले, "परत."

"अरे, झालं की!" सोनवणे म्हणाले.

"एकदा मोजलेलं माप नसतं. तूच शिकवतोस ना पोरांना? क्रम बदल आणि परत दे."

त्यांनी पुन्हा दहाही मोजल्या. या वेळी पाऊण तास लागला. मग दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. निम्म्याहून जास्त पिनांची मापं पहिल्याशी जुळत नव्हती. सोनवणे घाईने म्हणाले, "पण चांगल्या-खराब बरोबरच आल्यात ना दोन्ही वेळा!" काकांनी एक खराब पीन उचलली, खिडकीपाशी धरली. "ही निवडली कुणी? ही तर नुसत्या डोळ्यांनी बारीक दिसतेय. ही आंधळ्यानं पण रिजेक्ट केली असती." सोनवणे खाली बघायला लागले. काका त्यांच्याकडे बघत राहिले आणि मग वळून माझ्याकडे बघितलं.

मी सगळं सांगितलं. ती सरकपट्टी, ते नऊ द्राक्षांचं, दर आठवड्याचं. सांगताना मला रडू आलं आणि त्याचाही राग आला, कारण रडायचा हक्क माझा नव्हता.

काका सटाण्याकडचे. चिडले की ते अहिराणीत जायचे आणि मग आवाज उलट खाली यायचा. त्यांनी उजवा हात टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "हाऊ मना हात शे. मना." हा हात माझा आहे, माझा. मग आमच्याकडे न बघता मराठीत म्हणाले, "किती चालतो ते मला कळायला नको? तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं?"

लाल रंगाची बाटली टेबलावर असायचीच. त्यांनी डाव्या हाताने ब्रश उचलला, बाटलीत बुडवला आणि आपल्या उजव्या अंगठ्याच्या नखावर एक ठिपका दिला. नीट, गोल, बाहेर न जाऊ देता. मग चाचणीच्या कागदावर डाव्या हाताने सही केली. बाहेर काकू पेढ्यांचा बॉक्स घेऊन उठल्या आणि म्हणाल्या, काय झालं? काकांनी अंगठा दाखवला. परत येताना रिक्षाचं चाक तसंच आत ओढत होतं आणि त्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

पंधरा दिवस ते आले नाहीत. मी दोनदा सिडकोतल्या त्यांच्या घरापर्यंत जाऊन परत आले. सोळाव्या दिवशी सकाळी ते आले, टॉवेल मानेवर, नखावरचा लाल अर्धा निघालेला. कॉम्प्युटर लावायला सांगितला. मोजा घातला, पिशवीतून तुकडा काढून चिमटीत धरला आणि हात घडाकडे नेला. तुकडा मध्ये असताना द्राक्ष पकडलं गेलं. ते तसंच हवेत धरून काका बराच वेळ बघत बसले.

"पहिल्याच दिवशी कळलं असतं," ते म्हणाले. "जगाला सांगत फिरलो, गेज तपासा. आणि मला पाहिजे तो आकडा आला तेव्हा तपासलं नाही. तपासायची भीती वाटली मॅडम. तुम्ही चुकलात ते चुकलातच. पण निम्मा माल माझा खराब आहे." मग म्हणाले, "लावा ती पट्टी होती तिथे."

मी लावली. पाच मिनिटांत आठ द्राक्षं झाली. सुरुवातीला सहा होती. ते 'आठ' त्यांनी वहीत लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

कंपनीने त्यांना गेजच्या कपाटापाशी बसवलं. कारखान्यातली सगळी मापं तिथे तपासायला येत. आयटीआयमधून आलेल्या दोन मुली मोजायच्या आणि काका शेजारी बसून त्यांच्या बोटांकडे बघायचे. त्या मुली मला एकदा सेंटरवर भेटायला आल्या होत्या. मला वाटलं आभार मानायला. त्या विचारत होत्या, की सरांना रागावू न देण्यासाठी काही औषध असतं का? मी म्हणाले, मला मिळालं तर तुम्हाला कळवते.

इकडे सेंटरमध्ये त्यांनी कायदाच केला. रोज सकाळी पहिल्या पेशंटच्या आधी मोजा तपासायचा, वहीत लिहायचं, सही करायची, सही माझी. सरकपट्टी कुणासाठी हलवली तर पेशंटला सांगून हलवायची. "सोपं करा, पण सोपं केलंय म्हणून सांगा," ते म्हणायचे. सिन्नरच्या आजींसाठीही पट्टी सैल होती, हे मी त्यांना सांगितलं तेव्हा त्या चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मग पाचव्या दिवशी त्यांनीच सांगितलं, की कर पहिल्यासारखं अवघड, बघते त्याच्याकडे.

पुढच्या पाच वर्षांत आजार थांबत थांबत पण पुढेच गेला. काठी आली, मग चाकाची खुर्ची. दोन हजारचं दशक संपत आलं तेव्हा सेंटरमध्ये टीव्हीला लावायचे नवे खेळ आले होते, तो हातमोजा उसवून दोनदा शिवून झाला होता. तो मी काकांसाठीच ठेवला होता. ते महिन्यातून एकदा यायचे. शेवटचं आले तेव्हा काकूंनी त्यांचा हात उचलून मोज्यात घातला. तुकडा मी धरला, कारण त्यांच्या बोटांतून तो निसटत होता. त्यांनी विचारलं, "गेज तपासलं का?" मी म्हणाले, तुमच्यासमोरच तर तपासलं. म्हणाले, "लिहिलं का?"

पाच मिनिटं झाली, एकही द्राक्ष आलं नाही. दहा झाली. माझा हात कीबोर्डच्या त्या बटणाजवळ होता आणि काका पडद्याकडे नाही, माझ्या हाताकडे बघत होते. मी हात मांडीवर घेतला. बाहेर पेशंट खोळंबले होते, काकू खिडकीबाहेर बघत होत्या. अर्ध्या तासाने अंगठा एकदाचा तर्जनीला टेकला. द्राक्ष पकडलं गेलं, हलत हलत क्रेटपर्यंत गेलं आणि पडलं.

"लिहा," ते म्हणाले. "एक."

मी लिहिलं.

"खरं ना?"

"खरं, काका."

"मग हिरवा द्या."

आमच्याकडे रंग कुठला? लहान मुलांच्या कपाटात स्केचपेन होती, त्यातलं हिरवं मी आणलं. मोजा काढून त्यांचा अंगठा माझ्या हातात घेतला आणि नखावर ठिपका दिला. पुढच्या महिन्यात न्यूमोनियाने ते गेले. आजही रोज सकाळी मी तो स्टीलचा तुकडा काढते, नव्या यंत्राची चिमूट तपासते, सही करते, आणि पेशंट म्हणतात, मॅडम, करा ना जरा सोपं, इन्स्पेक्टर आहात का तुम्ही?

त्या दिवशी ठिपका देऊन मी स्केचपेनचं टोपण लावलं आणि आता तरी दोन गोड शब्द येतील म्हणून त्यांच्याकडे बघितलं. काकांनी अंगठा डोळ्यांजवळ न्यायला काकूंना सांगितलं, मान तिरकी केली, नीट बघितलं आणि म्हणाले, "डावीकडे बाहेर गेलाय, मॅडम."